तिसरी पायरी

कागदावर एवढंच होतं :
घसरगुंडी, शिडीसह, नग एक.
कुठे जाणार, कोणाची पोट्टी चढणार,
हे हिंगण्याच्या शेडमध्ये कोणी सांगत नसतं.
पाइप येतो, कापतो.
पत्रा येतो, वाकवतो.
मग ट्रक येतो.

आज कळलं. गोरेवाड्याच्या अंगाला,
राखीव जंगलाच्या तोंडाशीच उभी आहे ती,
पिवळी. तिकिटाच्या खिडकीतूनच ओळखली मी,
शाळा सुटल्यावर गर्दीत आपलं लेकरू
नुसत्या पाठीवरून ओळखू येतं, तशी.
"मोठ्याचे वीस, लहान्याचे दहा."
मी बनवली म्हणायला तोंड उघडलं
आणि तीस रुपये दिले.

तक्षिला पुढे पळाली.
मार्च लागलेला. साग उघडाबोडका,
मोहाखाली फुलांचा सडा, आणि त्यावर
नव्या रंगाचा वास अजून परक्यासारखा वेगळा.
"बाबा, मॅडम म्हणते पळसाले पानं तीनच.
याले तर एकबी नाही!"
"सुट्टीवर गेले असतील."
झोक्याच्या आडव्या दांडीवर सातभाई भांडत होते,
खाली पोरं भांडत होती, नंबर कोणाचा यावरून.
जाळीपलीकडे एक रोही उभी, रवंथ करत,
जागा कोणाची आहे हे न विसरलेली.

मग ती शिडीवर चढली.
एक.
दोन.

तिसऱ्या पायरीचं मला माहीत आहे.
त्या दिवशी व्होल्टेज नाचत होतं, रॉड सर्दावलेले,
ट्रक दारात घुरघुरत होता
आणि शेठ बोलत नव्हता, फक्त घड्याळाकडे पाहत होता.
डावीकडचा टाका वरून भरला, आत पोकळ राहिला.
ग्राइंडर फिरवला. पुट्टी लावली. वर पिवळा.
तपासणारा आला, रंगावर बोट फिरवून गेला.

एक भरल्या अंगाचा पोट्टा धाडधाड चढून गेला.
एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन.
पायरी काही बोलली नाही.
लोखंड आधी सांगत नाही.
मी खाली हात धरून उभा राहिलो,
गळत्या छताखाली गंज धरावा तसा.
"ओ काका, सरका न बाजूले!"
शेवटी स्वतःच पाय ठेवला, सगळा भार दिला,
आणि शिटी वाजली.
"मोठ्याईले मनाई आहे. बोर्ड दिसत नाही का?"

छातीवर पट्टी : कुमरे. वनरक्षक.
मी म्हटलं, तक्रारवही असेल ना?
होती. कोरी करकरीत. पहिलं पान माझं.
लिहिलं : घसरगुंडी, शिडी, तिसरी पायरी, डावा टाका.
"तुमाले कसं समजलं बाप्पा? बाहेरून तर चांगली दिसते."
पेन वहीवर टेकलेलाच राहिला, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग नावाच्या रकान्यात नाव लिहिलं, दीपंकर खोब्रागडे,
आणि पुढे, तिथे तसा रकाना नव्हता तरी,
वेल्डर.

कुमरेनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
काही न बोलता लाल-पांढरी पट्टी काढली
आणि शिडीला दोन वेढे दिले.

सतरा-अठरा पोरं होती रांगेत.
सगळ्यांनी मान वळवून मला पाहून घेतलं.
सगळ्यात जास्त वेळ, माझ्या पोरीनं.

उद्या शेठचा फोन येईल.
येऊ दे. मशीन कोणाकडून तरी मागावी लागेल,
एक खाडा पडेल,
आणि आत शिरायला पुन्हा वीस रुपये.
गाडीवर ती पुढे उभी राहिली नाही, मागे बसली,
माझ्यात आणि तिच्यात पाण्याची बाटली ठेवून.
फ्रॉकच्या खिशात चेंगरलेली मोहाची फुलं,
वास सिग्नलला थांबलेल्या माणसालाही जावा असा.
झिंगाबाई टाकळीपर्यंत एक शब्द नाही.

स्पीड ब्रेकर आला तेव्हा
तिनं माझा शर्ट घट्ट धरला.
मग आठवलं असावं.
सोडला.