तांबडा बदाम

आकुरेरीत सिग्नलचा तांबडा दिवा
बदामाच्या आकाराचा असतो.
हालवर्दुरला त्याचं पूर्वी हसू यायचं.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर जाळी ओढली,
छातीनं दगा दिला तो मात्र घरी, बूट घालताना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिला आठवडा बेकरीपर्यंत.
बेकरी म्हणजे सहा घरं.
पाचव्या घराचं कुंपण
त्याच्या तळव्याला पाठ झालं.

मग बंदरापर्यंत. बुटांना खिळ्यांचे पट्टे,
खिशात जिभेखालच्या गोळ्यांची डबी,
आणि सोबत शेजारची सोल्रून.
बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं,
असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय.
तो बोलतच नाही.
म्हणून ती विचारत राहते:
हेरिंगला मीठ किती लावायचास?
बर्फ यंदा लवकर नाही का आला?
बायको गेली तो वार कुठला?

आज चर्चच्या पायऱ्यांवर, अर्ध्यात,
कठड्याला धरून, दम खाऊन
तो म्हणाला, "मंगळवार."
तिनं पुढचं काही विचारलं नाही.

उतरल्यावर चौकात बदाम पेटला.
दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा,
फ्योर्डपर्यंत एक गाडी नाही.
तरी थांबले दोघं,
तोंडातून वाफ सोडत,
हिरवा होईपर्यंत.