दुसरं वाक्य

तीन नंबरच्या मशीनवर औने एकतीस वर्षं.
पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवायची, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून घ्यायची,
आणि आठ मीटर रुंद ओला कागद
वाहत राहायचा तिच्या पापण्यांपुढून.

बोलायचीही तशीच. टेकून.
एक वाक्य.
मग एवढी जागा, की खिडकीबाहेर
एखादा माणूस बर्फावरून तळं ओलांडून जावा.
मग दुसरं.
आम्हाला सवय होती. इथे उत्तरेत
आमच्या आयाही अशाच बोलायच्या,
अर्ध्या कपावर थांबून.

लेनार्टला नव्हती.
दक्षिणेतून आलेला साहेब, माणूस चांगला,
सगळ्यांची नावं पाठ, पोरांचीही.
सकाळच्या बैठकीत एकेकाकडे वळायचा,
"बोला, माझे कान तुमचेच."
औने म्हणायची, "तीन नंबर बरं चाललंय."
"छान!" आणि तो पुढच्याकडे.
औनेचे ओठ जरासे उघडेच राहायचे,
कुणी दार ओढून घ्यायला विसरावं तसे.

असं अकरा सकाळी झालं. मी मोजल्या.
मोजत बसलो, बोललो नाही,
तेही इथे लिहून ठेवतो.

बाराव्या दिवशी लेनार्टचा घसा बसला.
गळ्याला लोकरीचा मफलर, हातात बेरीचा गरम काढा,
फळ्यावर खडूने: आवाज गेलाय. तुम्ही बोला.

"तीन नंबर बरं चाललंय."

"छान"च्या आकारात त्याचे ओठ हलले,
नुसती हवा आली.
मग काहीच आलं नाही.
हीटरची टिकटिक. कुणीतरी बूट सरकवला.
लेनार्टच्या कपाळावर घाम. खडूकडे हात गेला,
मागे आला.
बर्फावरचा माणूस तळ्याच्या मध्यावर पोचला,
तिथे उगाच थांबला,
मग पार गेला.

"फक्त," औने म्हणाली,
"वाळवणीचा सातवा रोलर
रात्री दोननंतर दात खातो."

मशीन थांबवलं. ओस्मोने झाकण काढलं,
आत बोट फिरवलं
आणि बोट कुणालाच न दाखवता पुसून टाकलं.

चौथ्या दिवशी लेनार्टचा आवाज परत आला.
मफलर मात्र एप्रिल सरेपर्यंत गळ्यात.
बोलायची उबळ आली
की दोन्ही हातांनी धरायचा.

औने आता कधीमधी तीन वाक्यं बोलते.
काल दोन झाली, आणि आम्ही सगळे
तिसऱ्यासाठी बसून राहिलो, कॉफी निवेपर्यंत.
शेवटी तिनेच वर पाहिलं.
"एवढंच होतं," म्हणाली.