साडेपाचचा अंदाज

कॅलेंडरने काल शरद लावला.
इकडे तो मार्चातच लागतो;
वेलींवरची द्राक्षं काळी पडतात
आणि शाळेतली पोरं
स्वेटर कमरेला बांधून घरी येतात.

पाच वाजता राजधानीहून कागद येतो.
कौकेनेसच्या या खोलीत मी तो वाचते.
खाली लोखंडी सामानाचं दुकान आहे,
कुणी वारभर साखळी मागितली
की तिचा खळखळाट
माझ्याबरोबर जिल्हाभर जातो.

किनारपट्टी: पहाटे दाट धुकं,
दुपारनंतर विरळ.
तापमान अकरा ते सतरा.
वारा नैर्ऋत्येचा,
रात्री उत्तरेकडून वाहू लागेल.

अंतर्भाग: आकाश निरभ्र,
कमाल अठ्ठावीस.
डोंगरपायथ्याला पहाटे हलकं दहिवर.
उद्या सायंकाळपासून ढग.

उत्तरेचा वारा आमच्याकडे पाऊस आणतो,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
कागदाने फक्त आकडा घातलाय:
चाळीस टक्के.

साडेचारलाच फोन आला होता.
आमचे बाबा, रोसामेल, कधी 'हॅलो' म्हणत नाहीत.
'किती?'
कागद अजून यायचाय, म्हटलं,
पण दुपारच्याला चाळीस होते.
पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज.
'तीस म्हण.'
'मी म्हणून पाऊस थांबतो का, बाबा?'
'पाऊस नाही गं.
इतुर्रा ट्रकमध्ये तुझं ऐकत बसतो.
चाळीस ऐकलं की भाव पाडतो,
म्हणतो, ओलं द्राक्ष कुजतं.
अजून एक थेंब नाही पडलेला
आणि त्याच्यासाठी द्राक्ष ओलं झालं!'

तीन दिवसांची तोडणी उरलीये.
खापरपणज्याच्या हातच्या वेली,
पाणी न देता वाढलेल्या,
माणसाच्या गुडघ्याएवढ्या, हट्टी.

आणि तिकडे, मधल्या डोंगरांपलीकडे,
कुरानिपेला, बहिणीचा नवरा नोल्बेर्तो.
त्याचा हिशेब सरळ आहे:
तीसला तो समुद्रात जातो,
चाळीसला त्याचे बैल
होडी न ओढता वाळूवर रवंथ करत बसतात.
लग्नात हसत म्हणाला होता,
'मेहुणी, माझ्या ताटातला मासा
तुझ्या तोंडातून येतो.'
बहीण हसली नव्हती.

दोन्हीकडे एकच ढग जाणार आहे.
किनाऱ्याला चाळीस
आणि आतल्यांना तीस,
असं वाचता आलं असतं.
कुणी विचारायला आलं नसतं.
मी पेन उघडलंही होतं.
मग खालून कुणीतरी खिळे मागितले,
अडीच इंची, अर्धा किलो,
आणि दुकानदाराने काटा स्थिर होईपर्यंत
एकेक खिळा टाकला.
दोन काढले. एक परत टाकला.

साडेपाचला लाल दिवा लागला.
चाळीस म्हणताना माझा आवाज
नेहमीसारखाच होता,
नंतर रेकॉर्डिंग ऐकून खात्री केली.

इतुर्राने किलोमागे वीस पेसो कापले.
होडी वाळूवरच राहिली.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढग आले,
ओट्यावर शिळोप्याला बसावं तसे बसले,
आणि काही न बोलता उठून गेले.
समुद्र, बहीण सांगत होती,
ताटासारखा सपाट.

नोल्बेर्तो आठवडाभर बोलला नाही.
बाबांनी अर्धी पेटी द्राक्षं पाठवली,
वर चिठ्ठी: 'ही विकली गेली नाहीत.'
एवढंच. गोड होती.

गुरुवारी कागदावर दहा टक्के होते.
मी दहा वाचले,
सूत्रं बंद करून खाली उतरले
तर दुकानदार घाईघाईने
साखळ्यांची रिळं आत ढकलत होता,
रस्ता काळा होत चालला होता
आणि तो माझ्याकडे बघून
काहीच म्हणाला नाही,
नुसती एक ताडपत्री पुढे केली.
दुसरं टोक मी धरलं.

शुक्रवारी, साडेचारला, फोन.
'किती?'