परत करताना

महिला मंडळाच्या कपाटातली कादंबरी
आज परत करते आहे, कमलिनीबाई.
तीनशे बारा पानं. चष्मा दोनदा पुसला.

मुखपृष्ठावर गोदावरी निळीशार.
अडुसष्ट वर्षं नाशकात काढली,
मला तशी कधी भेटली नाही.
आत शरणपूरची अनाथ पोर, रेशमी केसांची,
आणि घोड्यावरचा तरुण पाद्री,
जो दर प्रकरणाच्या शेवटी एक वचन म्हणतो
आणि ती लाजते.
दुष्काळ येतो, दीड पानापुरता.
कुणाच्या डोक्यात उवा नाहीत.
भाकरी नाही,
थापायला, करपायला, चोरायला.

मी आपली सलोमीची वाट पाहत होते,
माझ्या पणजीची.
तिला बैलगाडीतून आणलं,
आधी वजन लिहिलं वहीत,
नाव नंतर दिलं.
सुतारशाळेतला शमुवेल
लग्नाआधी तिच्याशी एकदाच बोलला:
"तुला ऐकू कमी येतं म्हणतात, खरं का?"
ती म्हणाली, "काय?"

एवढंच.
पुढची एकेचाळीस वर्षं
उपासनेला जाताना, बाजारातून येताना
तो तिच्या उजव्या बाजूनं चालला,
ज्या कानानं ऐकू यायचं त्या.
हे कुणी कादंबरीत घालणार नाही.
यात घोडा नाही.

शेवटच्या पानावर रडले, तेही सांगते.
त्याचाच राग जास्त आला.

चाळिसाव्या पानात बसचं तिकीट राहिलंय,
राहू द्या.
तिथवर मला वाटत होतं, ती येईल.
दोन दिवस उशीर झालाय.
दंड किती?