ज्वारीएवढा दाणा

शुक्रवारी वाढोण्याच्या बाजारात
कांदेवाला आणि दोरखंडवाला यांच्या मधे
माझी ताडपत्री असते.
कावीया, मीटर, बिस्किटाच्या डब्यात स्क्रू,
आणि डास मारायच्या बॅटा.
चार-दोन विकायच्या, बाकीच्या लोकांच्या,
बंद पडलेल्या, जाळीत पाय अडकलेले.

बॅट उघडली की मी आधी कपॅसिटर रिकामा करतो.
पेचकस आडवा धरायचा. ठप्प.
बटण सोडलं तरी तो आत दबा धरून असतो,
भांडण मिटल्यावरही
ओसरीत बसून राहिलेल्या माणसासारखा.
चांगल्या मालात त्याच्या शेजारी
एक रेझिस्टर असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा.
त्याचं काम एकच, राग उतरवणं.
स्वस्तातल्या मालात दोन भोकं असतात,
शेजारी छापलेला आकडा,
आणि दाणा नसतो.
चाळीस पैसे वाचतात.

डोमाजीच्या हॉटेलातली निळी मशीन
मीच आणून दिली होती.
सोयाबीन निघायच्या दिवसांत
तुडतुडे असे येतात की जिलबी हिरवी दिसते.
डोमाजी म्हणाला, "काहीतरी कर ना बाप्पा."
मी केलं. साडेसहाशेत.
खोक्यावर सिंहाचं चित्र होतं.
कंपनीचं नाव मला वाचता आलं नाही,
डोमाजीनं विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात शकुन, त्याची सून,
ओल्या फडक्यानं खालचा ट्रे पुसायला गेली.
प्लग काढलेला होता.
हे सगळे अजून सांगतात, प्लग काढलेला होता.
दचकून हात मागे गेला तो थेट कढईत.

आता ती गल्ल्यावर बसते.
उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत,
म्हणून सुटे पैसे डाव्या हातानं देते.
नवीन गिऱ्हाईक म्हणतं,
"मोठी मिजासखोर आहे बाई, उलट्या हातानं देते."
डोमाजी ऐकतो आणि झारा जोरात आपटतो.
मशीनचं माझ्याजवळ त्यानं कधी काढलं नाही.
चहाचे पैसे मात्र घेत नाही आता,
आणि ते मला गिळत नाही.

मग ते ऐकायला आलं.
किडे मारायच्या विजेच्या वस्तू, सगळ्या,
तपासून, शिक्का असेल तरच विकायच्या.
ठोकवाल्याचा पोरगा मोटरसायकलवर आला,
सीटखालून एक कागद काढला.
चकचकीत शिक्के, ओळीत बारा, खाली आठ ओळी.
"लावून टाका भाऊ. इथं कोण पाहाले येते?"
मी चष्मा लावून पाहिलं.
शहाण्णव शिक्के,
सगळ्यांवर एकच नंबर.

तो कागद डब्याखाली होता
तेव्हाच शकुन आली.
डाव्या हातात पिशवी.
"भाऊ, शिक्क्याची मशीन आली का?
मामंजी म्हणतात, आता शिक्का पाहूनच घेऊ."
तिनं एक बॅट उचलली, उलटी केली,
दांड्यावरून अंगठा फिरवला,
तांदळात खडा शोधावा तसा.

त्या बॅटमध्ये दाणा होता.
गेल्या महिन्यापासून मी प्रत्येकीत बसवतो,
रात्री, पोरं झोपल्यावर.
चाळीस पैसे आणि दहा मिनिटं.
सांगणार होतो.
पण तिला तो दिसणार कसा?
आणि माझा जोड पक्का आहे हे
कोणी, कुठल्या टेबलावर, तपासलंय?
सिंहाचं खोकंही मी याच हातांनी दिलं होतं.

"नाही आली," म्हटलं.
"मंग ही?"
"ही विकायची नाही."
ती थोडा वेळ उभी राहिली.
पलीकडे दोरखंडवाला हातानं दोर मोजत होता,
एक वाव, दोन वाव,
आणि गिऱ्हाईक त्याच्या हाताकडे पाहत होतं.

संध्याकाळी आवरताना
चारही बॅटा पोत्यात घातल्या.
डब्याखालचा कागद ताडपत्रीला चिकटला होता.
ओढला तर अर्धा निघाला.
दोन ओळी राहिल्या तिथंच,
जिथं मी बसतो.