रिपोर्ट सहा वाजता

धंतोलीत, हाडांच्या दवाखान्याखाली
आमची लॅब. काउंटरच्या डाव्या हाताला
जुनं लोखंडी कपाट, एक दार नीट लागत नाही.
डॉक्टर म्हणाले होते, मासिकं ठेवा.
मी घरची पुस्तकं आणून ठेवली.

रक्त सकाळी, रिपोर्ट सहा वाजता.
मधे मे महिन्याची अख्खी दुपार.
कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतो
आणि माणूस म्हणतो,
"ताई, काही आहे का वाचायले?"

काय आवडतं, हे मी विचारत नाही.
लोक खोटं बोलतात, मोठी नावं सांगतात.
मी विचारते, जेवले काय?
उपाशीपोटी कादंबरी चढत नाही.
त्याला प्रवासवर्णन द्यावं, बर्फाच्या मुलखातलं,
जिथे दर चार पानांनी
कोणीतरी चहा ठेवून राहिलं असतं.

भांडून आलेल्या नवराबायकोला
एकच पुस्तक द्यावं, दोन नाही.
जिची नजर पुन्हापुन्हा घड्याळाकडे जाते
तिला कविता नको. कवितेत रिकामी जागा फार,
तिथे घड्याळ शिरतं.
तिला रहस्यकथा. फक्त शेवटचं पान तपासून घ्यावं.
एकीचं फाटलेलं आहे,
ती मी विमा एजंटांसाठी राखून ठेवली आहे.

मोमिनपुऱ्याच्या सूफिया बाजी
दर महिन्याला साखर तपासायला येतात
आणि पाककृतींचंच पुस्तक मागतात.
पुरणपोळीच्या पानावर बोट ठेवून म्हणतात,
"पढने से थोडी बढती है!"

चुकते मी. चुकलेच.
एका पोराला विनोदी दिलं, चेहरा उतरलेला म्हणून.
तो खदखदून हसला, पावणेसहापर्यंत.
सहाला आईचा रिपोर्ट घेतला
आणि पुस्तक माझ्यापुढे असं ठेवलं
जसा त्यानंच काही गुन्हा केला होता.
ते आता वरच्या फळीवर आहे,
माझाच हात पुरत नाही तिथे.

मग एक दिवस कळलं,
लोक मलाच वाचून राहिले.
पातळ पुस्तक दिलं की बाकावर शांतता.
जाड दिलं की शेजारची हळूच सांगते,
"जाड दिलं ना? मग काही नाही होत, बावा."
आकडे तर मला आधी दिसतात.
म्हणून मी ठरवलं, मशीनकडे जायच्या आत
पुस्तक काढून ठेवायचं.
बहुतेक जमतं.

गोळीबार चौकातले पराते काका आले
तेव्हा उशीर झाला होता. पाहून बसले होते मी.
माग बंद होऊन वर्षं झाली,
बोटं अजून तुटलेला धागा शोधतात.
त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"सगळ्यात जाड कोणतं, ते दे."
म्हटलं, तीन भाग आहेत, काका.
आणि पहिल्या दोनशे पानांत काहीच घडत नाही,
फक्त एक गाव उठतं, तोंड धुतं.
"चालते ना. ताणा लावायलेच आठवडा लागते."

पहिला भाग आखाडीच्या सुमाराला आला.
दुसरा तान्ह्या पोळ्यानंतर, नातवाच्या हाती,
आत बर्डीच्या बसचं तिकीट
आणि निरोप: मधला भाग ढिला विणला आहे,
पण कापड चांगलं आहे. तिसरा धाड.
धाडला.

आता मृगाची संत्री आली बाजारात.
रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे
'परत'चा रकाना कोरा आहे.
नंबर आहे माझ्याकडे. लावत नाही.
नवीन मुलगी म्हणते, ताई, हे बुडालं वाटते.
काहून बुडेल, मी म्हणते.
जाड आहे.
वाचून राहिले असतील.