झाकणावरच्या नोंदी

गुरुवारी टॉडमॉर्डनच्या बाजारात
मी रुबार्ब घ्यायला गेले होते.
अंबाडीसारखी भाजी होते त्याची,
लसूण सढळ हातानं घातला तर.
वेंडी ॲक्रॉइडच्या टेबलावर
टवके उडालेल्या बश्या
आणि कुणाच्या तरी लग्नातले चमचे,
त्यांच्यामध्ये काळा रंग थापलेली एक नळी आडवी पडली होती.
मला वाटलं, बंबाचं धुराडं.

"दुर्बीण आहे, लव्ह," वेंडी म्हणाली,
थर्मासचा चहा झाकणात ओतत.
"एक घर रिकामं केलं. म्हाताऱ्याच्या मागं कुणी नव्हतं.
साठ."
मी चाळीस म्हटलं.
ती पंचावन्न.
मी नळी खाली ठेवली, रुबार्ब उचलला
आणि चालू लागले,
आईनं बार्शीच्या आठवडी बाजारात शिकवलेली
मोजून चार पावलं. पाचव्याला हाक येतेच.
इथंही आली.
पंचेचाळीस, पेटी फुकट.

बसमध्ये ड्रायव्हरनं विचारलं, मासे धरायला?
मी हो म्हटलं.

हेरंब म्हणाला, नाकापेक्षा मोती जड.
मग चष्मा कपाळावर चढवून
तोच बसला रंग खरवडत,
आणि नंतर ओट्याशी, चिंच-मीठ घेऊन.
काळं सुटलं.
खालून पितळ उघडं पडलं.
जन्मभर हे मी लोकांच्या फजितीबद्दल बोलत आले,
त्या रात्री ते शब्दशः झालं
आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो,
पिवळ्या उजेडाकडे, सिंकमधल्या काळ्या पाण्याकडे.

भिंगाच्या कडेला एक कपची गेलेली.
आत, दोन काचांच्या मध्ये,
जिथं कुणाचंच बोट पोचणार नाही,
बुरशीची एक बारीक फांदी.

पहिल्यांदा लावली ती समोरच्या टेकडीवर.
बंद गिरणीची चिमणी आभाळात लोंबकळत होती
आणि एक मेंढी
वरच्या गवताला पायांनी चिकटून
निवांत चरत होती.
"बिघडलीय," हेरंब म्हणाला.
नाही रे, ही उलटंच दाखवते.
ताऱ्यांना कुठं असतं वरखाली.

पेटीचं झाकण मी उशिरा पाहिलं.
आतून, पेन्सिलीनं, बारीक इंग्रजीत तारखा.
नोव्हेंबर, एकोणीसशे चोपन्न.
तीन: ढग.
चार: ढग.
नऊ: ढग, धूर.
सतरा: मार्जरीला ताप. ढग.
असा डिसेंबर, असा अख्खा मार्च,
आणि मेच्या एका तारखेला
शिसाचं टोक मोडेल इतका जोर देऊन:
शनी. कड्यासकट. मार्जरीनंही पाहिला.
त्याखाली पुन्हा ढग.

माझी आई दर शनिवारी तेल घालायची
त्यानं आमच्या घराकडे बघू नये म्हणून.
देवळात त्याच्यासमोर उभं राहायचं नाही,
जरा बाजूला, मान खाली.
साडेसातीत तर त्याचं नावसुद्धा काढत नसे.
आणि हा माणूस सात महिने
गिरण्यांच्या धुराखाली उभा राहिला,
त्याला एकदा समोरासमोर गाठायला.
बायकोला हाक मारली असेल,
ती अंथरुणातून उठून आली असेल, शाल ओढत.

त्याचं नाव कुठंच नाही. फक्त तिचं आहे.
पुढच्या गुरुवारी वेंडीला विचारलं,
ती म्हणाली, चिठ्ठी होती कुठंतरी, बघते.
बश्या मात्र निम्म्या किमतीला देत होती.

आज अकरावी रात्र.
मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी,
तिकाटणं अजून डुगडुगतं, खाली पाटीचा तुकडा लावलाय.
हेरंब चहा घेऊन येतो,
वर बघतो, काही न बोलता आत जातो.
मी झाकण मांडीवर घेते.
खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा उरलीय.
लाकडाच्या रेषेवरून शिरोरेषा घसरते,
पण वाचता येतं:

अकरा: ढग.
हेरंबला खोकला.